नवीन नगरपंचायतीत ई-निविदा सुरू करायची आहे – सुरुवात कुठून, आणि नेमके कुठे अडते?

नपं_लेखाशाखा

नमस्कार. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आहे. आतापर्यंत दरपत्रके आणि लिफाफे यांवर काम चालत होते, आता खरेदी आणि कामे दोन्ही महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर, न्यायची आहेत. माणसे मोजकी: मुख्याधिकारी, लेखापाल, एक अभियंता, दोन लिपिक आणि एक कंत्राटी संगणक चालक. पहिली निविदा टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) आणि तुरटीच्या वार्षिक पुरवठ्याची, त्यामागे रस्ता-गटारांची दोन कामे.

विचारायचे असे: डिजिटल सही कोणाकोणाची काढायची? एवढ्या कमी माणसांत भूमिका कशा वाटायच्या? दर भरायची एक्सेल फाइल बनवताना काय सांभाळायचे? आणि टीसीएलसाठी जेम (केंद्राचे सरकारी खरेदी पोर्टल) की ई-निविदा? पोर्टलचे मॅन्युअल वाचले आहे. कोणते बटण कुठे आहे ते त्यात कळते, पण काय चुकते ते कळत नाही.

---

निविदा_टेबल

मॅन्युअलबद्दल बरोबर बोललात. महाटेंडर्स हे एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) जेपनिक या ई-निविदा प्रणालीवर चालते. प्रणाली जुनी, रुळलेली आहे, ती सहसा अडवत नाही. अडते ते टोकन (डिजिटल सही साठवलेले यूएसबी उपकरण) कोणाच्या खिशात आहे इथे. म्हणून आधी माणसे ठरवा, निविदेचा मसुदा नंतर.

पहिले पाऊल: नोडल अधिकारी नेमल्याचा कार्यालयीन आदेश काढा आणि विभागामार्फत एनआयसीच्या ई-निविदा कक्षाकडे संस्थेच्या नोंदणीची मागणी पाठवा. जिल्ह्याच्या एनआयसी कार्यालयाला प्रत द्या. संस्थेचे नाव आणि साखळीतली जागा (कोणत्या विभागाखाली, कोणत्या संचालनालयाखाली) पहिल्याच पत्रात नीट लिहा. ती चुकली तर तुमच्या निविदा भलत्याच कार्यालयाखाली दिसतात आणि पुरवठादारांना शोधून सापडत नाहीत.

डिजिटल सही वर्ग ३ चीच घ्या. वर्ग २ ची प्रमाणपत्रे १ जानेवारी २०२१ पासून देणे बंद झाले आहे. सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे मागणीपत्रात फक्त ‘डिजिटल सही’ असे लिहिले जाते आणि एजन्सी फक्त सहीचे प्रमाणपत्र टाकून देते. तुम्हाला सही आणि एन्क्रिप्शन (मजकूर कुलूपबंद करणे-उघडणे) अशी दोन्ही प्रमाणपत्रे एकाच टोकनमध्ये हवीत. लॉगिन होते, निविदा प्रसिद्धही होते, म्हणून सुरुवातीला काही जाणवत नाही. आलेल्या निविदांचे ऑनलाइन लिफाफे उघडणाऱ्यांत नाव घालताना मात्र गाडी थांबते. टोकन हातात आल्याआल्या त्याच्यासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणपत्रांची यादी उघडा. एकाच नावाच्या दोन ओळी दिसल्या पाहिजेत.

भूमिका: निविदा तयार करणारा, प्रसिद्ध करणारा, उघडणारे, मूल्यमापन करणारा. तुमच्याकडे असे वाटता येईल. लिपिक तयार करेल, मुख्याधिकारी प्रसिद्ध करतील, अभियंता आणि लेखापाल मूल्यमापनात. तयार करणारा आणि प्रसिद्ध करणारा एकच माणूस ठेवू नका. पोर्टल हरकत घेवो न घेवो, लेखापरीक्षण घेईल. उघडणारे चारपैकी कोणतेही दोन असे ठेवा. दोनपैकी दोन ठेवले आणि त्यातल्या एकाची बदली झाली, की लिफाफे तसेच बंद. चौथे नाव कार्यालयात नसेल तर शेजारच्या नगरपरिषदेतला अधिकारी लेखी संमतीने घेता येतो का ते नोडल अधिकाऱ्याला विचारून घ्या.

आणि संगणक चालकाच्या ड्रॉवरमध्ये सगळी टोकने रबरबँड लावून, वर चिठ्ठीवर पिन लिहून, हे चित्र तुमच्याकडे येऊ देऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ४२ सांगते की खाजगी किल्लीचा (टोकनमधल्या गुप्त संकेताचा) ताबा प्रमाणपत्रधारकाने स्वतःकडे ठेवायचा. चालकाने फॉर्म भरून ठेवावा. टोकन लावणे आणि पिन टाकणे हे साहेबांनी स्वतः करावे, दोन मिनिटांचे काम आहे.

संगणक एकच ठरवा. पोर्टलच्या डाउनलोड विभागात जावाची किंवा सही-सॉफ्टवेअरची जी आवृत्ती सांगितली आहे तीच टाका आणि त्याचे आपोआप अपडेट होणे बंद करा. टोकनचा ड्रायव्हर टोकनच्या कंपनीचाच. पिन पुन्हा पुन्हा चुकली तर टोकन लॉक होते. अशा वेळी कोणी ‘इनिशिअलाइझ करून देतो’ म्हणाले तर हात धरा. इनिशिअलाइझ केले की आतली प्रमाणपत्रे पुसली जातात आणि त्यांच्यासोबत किल्लीही.

---

लेखा_तपासणी

वरच्या उत्तरात माणसांचे आले, मी कागदांचे सांगतो.

टीसीएल आणि तुरटी: आधी जेमवर शोधा. तुम्हाला हव्या मानकाचा माल तिथे मिळत असेल तर जेमवरच जायचे. मिळत नसेल तर त्या दिवशीच्या शोधाची प्रत नस्तीत (कार्यालयीन फाइलीत) लावा आणि मग ई-निविदा. ही एक प्रत नसल्यामुळे निघणारा आक्षेप अगदी ठरलेला आहे.

मर्यादेबद्दल: वस्तू खरेदीसाठी उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची नियमपुस्तिका हा पाया. तिच्या मूळ मजकुरात ई-निविदेची मर्यादा ३ लाख आहे. कामांसाठीची मर्यादा वेगळ्या शासन निर्णयांनी ठरते आणि बदलली आहे, म्हणून मंजुरीच्या टिपणीत चालू शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक लिहा, ‘प्रचलित नियमानुसार’ असे मोघम नको. वर्षभराची एकूण गरज धरूनच रक्कम मोजा. दर तिमाहीला ८०–९० हजारांची चार दरपत्रके म्हणजे मागणीचे तुकडे पाडणे. राज्याच्या नियमपुस्तिकेलाही ते चालत नाही आणि केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १५७ लाही.

आता दरांची एक्सेल फाइल, म्हणजे बीओक्यू. इथे पोर्टल फक्त गुणाकार-बेरीज करते आणि क्रम लावते. दर शहाणपणाचा आहे की नाही हे त्याला कळत नाही. तुमचेच उदाहरण घेऊ. टीसीएल १२ मेट्रिक टन. फाइलमध्ये एकक ‘मे. टन’ आणि परिमाण १२ टाकले. बाजारात लोक भाव बोलतात किलोचा. एका पुरवठादाराने सवयीने ३२ भरले. पोर्टलने १२ × ३२ = ३८४ रुपये धरले आणि त्याला पहिला न्यूनतम (सर्वांत कमी दराचा) दाखवले. त्याच्या मनातली रक्कम ३ लाख ८४ हजार होती. आता त्याला नाकारायचे कशाच्या आधारावर, दुसऱ्याला बोलवायचे कशाच्या, बयाणा (निविदेसोबत भरलेली अनामत) जप्त करायचा का – सगळीच पंचाईत, शेवटी फेरनिविदा. एकक किलो, परिमाण १२,००० ठेवले असते तर हा प्रश्नच आला नसता. बाजार ज्या एककात बोलतो तेच एकक फाइलमध्ये ठेवा.

त्याच ओळीत मानक लिहा: टीसीएलसाठी आयएस १०६५, तुरटीसाठी आयएस २९९, आणि टीसीएलमध्ये उपलब्ध क्लोरीन किमान किती टक्के हवे तो आकडा. उत्पादनाच्या तारखेपासून किती दिवसांच्या आत माल पोचला पाहिजे हेही लिहा, कारण टीसीएल पडून राहिले की क्लोरीन उडते. वर्षाचा सगळा माल एकदम उतरवून घेऊ नका, हप्ते ठरवा. प्रत्येक खेपेचा नमुना कोणत्या प्रयोगशाळेत जाणार, चाचणीचे पैसे कोण भरणार आणि टक्केवारी कमी भरली तर माल परत की दरकपात, हे अटींत हवे. दर जीएसटीसह की वगळून, वाहतूक आणि हमाली धरून की नाही, हे फाइलच्या स्तंभातही दिसले पाहिजे. अटींत एक आणि फाइलमध्ये दुसरे असले की भांडण तिथेच.

कामांसाठी बी-१ म्हणजे टक्केवारीची निविदा काढणार असाल तर आणखी एक सापळा आहे. फाइलमध्ये ‘जादा’ की ‘कमी’ हे निवडायचा खाना असतो. निविदा किंमत १८,४०,००० आणि ठेकेदाराला १२ टक्के कमी भरायचे आहे, म्हणजे १६,१९,२००. खान्यात चुकून ‘जादा’ राहिले तर रक्कम होते २०,६०,८००. चूक त्याची, पण निविदा तुमची वाया. निविदा सूचनेतच एक ओळ टाका की आकडा भरल्यावर खाली आलेली एकूण रक्कम आणि अक्षरी रक्कम वाचूनच फाइल जतन करावी. जीएसटी, रॉयल्टी, चाचणी, विमा यांपैकी काय टक्केवारीत आहे आणि काय बाहेर, हेही निविदा किंमत ठरवतानाच लिहून टाका.

अटींबाबत: ‘या जिल्ह्यात काम केल्याचा अनुभव’, ‘स्थळ पाहणीचा कार्यालयाने दिलेला दाखला सक्तीचा’, ‘अमुक कंपनीचाच माल’ – असल्या अटी टाकू नका. दाखल्यासाठी कार्यालयात यावे लागले की कोण कोण निविदा भरणार ते आधीच उघड होते. मग लिफाफे गुप्त ठेवून काय मिळवले?

---

गावकामगार

एक साधा उपाय सांगतो. पहिली दोन-तीन वर्षे ऑनलाइनसोबत तांत्रिक लिफाफ्याची (पात्रतेच्या कागदांची; दर वेगळ्या आर्थिक लिफाफ्यात असतात) छापील प्रतही मागवा, उघडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. नेट गेले, फाइल उघडली नाही, तर हाताशी कागद असतो.

---

लेखा_तपासणी

@गावकामगार, आपला हेतू समजतो, पण हे करू नये. छापील प्रत आधी आली की निविदा भरणाऱ्यांची नावे आवक नोंदवहीत बसली. ती वही कोणीही पाहतो. दुसरे म्हणजे छापील आणि ऑनलाइन यांत एका पानाचा फरक निघाला तर ग्राह्य काय? उच्च न्यायालयापर्यंत जाणारे वाद अशाच फरकांवर उभे राहतात. नेट गेले तर लिफाफे दुसऱ्या दिवशी उघडा. ठरलेल्या वेळेआधी पोर्टल उघडूच देत नाही, नंतर उघडायला अडचण नाही. फक्त उशिराचे कारण नस्तीत नोंदवा आणि निविदाधारकांना कळवा.

मूळ कागद पाहायचे असतील तर फक्त पहिल्या न्यूनतम निविदाधारकाकडून, कार्यादेशाआधी, पडताळणीसाठी मागवा.

---

पुरवठादार_बाजूने

ठेकेदार-पुरवठादारांच्या बाजूचे थोडे लिहितो, कारण पहिल्या निविदेला प्रतिसाद येत नाही आणि कार्यालय म्हणते ‘लोकांना रस नाही’. रस असतो, भरता येत नाही.

निविदा काढायच्या आधी स्थानिक पुरवठादारांना बोलावून नोंदणी, टोकन जोडणे आणि सरावाची निविदा भरणे एवढे तरी दाखवा. सरावासाठी जेपनिकचे डेमो पोर्टल आहे. एक टोकन एकाच नोंदणीला जोडता येते, त्यामुळे दोन फर्म असलेल्यांनी दोन वेगळी घ्यावीत.

भरताना सर्वांत जास्त बाद होण्याचे कारण म्हणजे सगळे अपलोड केले आणि ‘फ्रीझ’ केलेच नाही. फ्रीझ करून पावती निघेपर्यंत निविदा जमा होत नाही. शेवटच्या मिनिटापर्यंत दर बदलता येतात, पण निविदा मागे घेतली की त्याच निविदेला पुन्हा भरता येत नाही. घड्याळ पोर्टलचे धरायचे, मनगटावरचे नाही.

एक्सेल फाइलचे नाव बदलू नये, दुसऱ्या कोणत्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये किंवा मोबाइलवर उघडून जतन करू नये. आतले मॅक्रो मोडतात आणि अपलोड करताना पोर्टल फाइल घेत नाही. कागदपत्रे १०० डीपीआय काळी-पांढरी स्कॅन करून पीडीएफ. मोबाइलवर काढलेले रंगीत फोटो चिकटवून मोठी फाइल केली की शेवटच्या तासात अपलोड अर्ध्यावर लटकते. पॅन, जीएसटी, आयकर विवरणपत्र असली नेहमीची कागदपत्रे ‘माझी कागदपत्रे’मध्ये एकदाच टाकून ठेवावीत.

बयाणा एनईएफटीने भरायचा असेल तर निविदेसाठी तयार झालेल्या चलनावरचाच खाते क्रमांक, तीच पूर्ण रक्कम, एकाच व्यवहारात. निम्मे आज निम्मे उद्या चालत नाही. मागच्या निविदेचे चलन पुन्हा वापरले तर पैसे परत फिरतात. किमान एक-दोन दिवस आधी भरावे.

कार्यालयाने लक्षात ठेवायचे: दरांच्या फाइलचे शुद्धिपत्रक काढले तर आधी भरलेल्या सर्वांना नव्या फाइलवर पुन्हा भरावे लागते. म्हणून असे शुद्धिपत्रक निघाले की मुदतही वाढवा. आणि शेवटची वेळ शनिवार-रविवारला लागून किंवा सणाच्या आदल्या संध्याकाळी ठेवू नका. दुपारी तीन ही वेळ बरी, मदत कक्षात माणूस भेटतो.

---

नपं_लेखाशाखा

सर्वांचे आभार, छापील प्रतीची अट मसुद्यात होती, ती काढली. आणखी दोन शंका.

एक: उघडणाऱ्यांपैकी लेखापालांच्या टोकनची मुदत निविदा चालू असतानाच संपते आहे. नवीन टोकन काढून जोडले तर चालेल ना?

दोन: दुसऱ्या कार्यालयांबद्दल ऐकतो की अपात्र ठरलेल्यांचा बयाणा महिनोन्‌महिने अडकतो. ऑनलाइन भरलेला पैसा आपोआप परत जातो म्हणतात, मग अडकतो कुठे?

---

निविदा_टेबल

पहिल्याचे उत्तर: निविदा भरली जाते तेव्हा ती उघडणाऱ्यांच्या त्या वेळच्या सार्वजनिक किल्लीने बंद होते. नवीन प्रमाणपत्राची किल्ली वेगळी. जुन्या किल्लीने बंद झालेला लिफाफा नव्या किल्लीने उघडत नाही, नाव आणि पद तेच असले तरी.

म्हणून ही निविदा अजून प्रसिद्ध केली नसेल तर आधी लेखापालांचे नवीन टोकन काढा, पोर्टलवर जोडा, मगच प्रसिद्ध करा. प्रसिद्ध झाली असेल तर उघडणाऱ्यांच्या नावांना हात लावू नका, बाकीच्या तिघांपैकी दोघांकडून उघडा. चारपैकी दोन ठेवायचे ते याचसाठी. नवीन प्रमाणपत्र काढताना ते जुन्याच टोकनवर जुने पुसून टाकू देऊ नका. वेगळे टोकन घ्या आणि सर्व जुन्या निविदांचे आर्थिक लिफाफे उघडून होईपर्यंत जुने कपाटात कुलपात ठेवा. लक्षात घ्या, तांत्रिक लिफाफा आज उघडला तरी आर्थिक कधी उघडेल सांगता येत नाही. तक्रार आली, आचारसंहिता लागली, समितीची सभा पुढे गेली, की दोन-तीन महिने सहज जातात.

एक तक्ता भिंतीवर लावा: टोकनधारक, प्रमाणपत्राची मुदत, कोणकोणत्या चालू निविदांत उघडणारा म्हणून नाव आहे. बदलीचा आदेश आला की कार्यमुक्त करण्यापूर्वी हा तक्ता पाहायचा. संस्थेच्या नावे काढलेले प्रमाणपत्र असेल तर माणूस गेल्यावर ते रद्द करायचे, पण त्या माणसावर अवलंबून असलेले लिफाफे उघडल्यावर. उलट क्रमाने नाही.

---

लेखा_तपासणी

बयाण्याचे मी सांगतो. पैसा आपोआप परत जातो हे खरे, पण पोर्टलवर टप्पा पुढे सरकला तर. बऱ्याच कार्यालयांत आर्थिक लिफाफा उघडला, तुलनात्मक तक्ता छापला, समितीची मंजुरी कागदावर घेतली, कार्यादेश हाताने दिला आणि पोर्टलवर निविदा ‘आर्थिक मूल्यमापन’वरच सोडून दिली, असे चालते. पोर्टलच्या लेखी निर्णय झालेलाच नाही, मग पोर्टल पैसे कसे सोडेल?

तेव्हा प्रत्येक टप्प्याला हे करा. तांत्रिक मूल्यमापनात प्रत्येक निविदाधारकापुढे मान्य किंवा अमान्य आणि कारण. कारण ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढेच नको. कोणत्या अटीतला कोणता कागद नाही ते लिहा, कारण हे वाक्य निविदाधारकालाही दिसते आणि तक्रार आली तर तेच तुमचे म्हणणे ठरते. समितीच्या सहीचे इतिवृत्त स्कॅन करून जोडा. आर्थिक लिफाफा उघडण्याची तारीख-वेळ पोर्टलवर द्या, त्याचा संदेश सर्वांना जातो. उघडल्यावर पोर्टलने केलेला तक्ता आणि प्रत्येकाची मूळ दर-फाइल जुळवून पाहा. ३८४ रुपयांसारखे काही असेल तर इथेच दिसते. शेवटी कार्यादेशाची नोंद करून निविदा पूर्ण करा. तोवर पहिल्या न्यूनतमचा बयाणा अडकून राहतो, आणि सुरक्षा ठेव भरायला त्याला तोच पैसा हवा असतो.

निविदा रद्द केली तरी पोर्टलवर रद्द करा. नवीन निविदा काढली म्हणून जुनी आपोआप मिटत नाही.

तीनपेक्षा कमी देकार आले तर मुदतवाढ आणि फेरनिविदा यांचा क्रम नियमपुस्तिकेतून पाहूनच टिपणी लिहा. आणि तीन आले म्हणून डोळे मिटू नका. तिन्ही दर ठराविक टक्क्यांच्या अंतराने, तिन्ही पीडीएफ एकाच संगणकावर बनलेल्या, अनुभव दाखल्यांत शुद्धलेखनाची एकच चूक – असे दिसले तर ते नस्तीत नोंदवून वरिष्ठांना कळवा. संगनमताने निविदा भरणे स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३(३)(ड) खाली येते आणि कोणी कुठून भरले याच्या नोंदी पोर्टलकडे राहतात.

स्थानिक निधी लेखापरीक्षेसाठी प्रत्येक निविदेची एक पीडीएफ नस्ती तेव्हाच्या तेव्हा करून ठेवा: निविदेचा सारांश, सगळी शुद्धिपत्रके, दोन्ही लिफाफे उघडल्याचे गोषवारे, मूल्यमापन, तुलनात्मक तक्ता, कार्यादेश. सोबत वृत्तपत्रातली सूचना. तिच्यातल्या आणि पोर्टलवरच्या तारखा जुळतात का ते बघा, आणि ‘तफावत असल्यास पोर्टलवरील तारीख ग्राह्य’ ही ओळ सूचनेत असू द्या.

---

निविदा_टेबल

जेमवर माल मिळालाच तर तिथली एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. तिथे कार्यालयप्रमुख हा प्राथमिक वापरकर्ता असतो आणि त्याला स्वतः खरेदी करता येत नाही. खरेदीदार, माल स्वीकारणारा आणि पैसे देणारा अशी दुय्यम खाती त्याने काढून द्यायची. माल स्वीकारणाऱ्याचे खाते पाणीपुरवठा केंद्रावरच्या जबाबदार माणसाचे असू द्या, मुख्य कार्यालयातल्या लिपिकाचे नको. माल उतरल्यापासून १० दिवसांत स्वीकृती किंवा नकार नोंदवायचा असतो. टीसीएलचा नमुना प्रयोगशाळेतून येईपर्यंत हे दिवस संपतात, म्हणून नमुना ट्रक उतरवतानाच काढून त्याच दिवशी पाठवा.